फलकावरचा उन्हाळा

आमच्या इमारतीच्या जिन्यापाशीं, विजेच्या मीटरांच्या शेजारीं, एक काळा फलक टांगलेला आहे. त्याच्या चौकटीचा एक कोपरा वाळवीनें कुरतडला आहे, आणि ओल्या फडक्यानें कितीहि पुसलें तरी आदल्या सूचनेचीं धूसर अक्षरें नव्या सूचनेच्या पाठीमागून डोकावत राहतात. वर्षांतील आठ महिने या फलकाकडे कोणी ढुंकून पाहात नाहीं. परंतु चैत्र लागला, शाळांच्या परीक्षा आटोपल्या, कीं त्यालाहि जणूं पालवी फुटते. गच्चीवर पापड वाळत घालण्याचे वार, पाण्याची बदललेली वेळ, देवगडच्या हापूसच्या पेट्या येण्याचा दिवस, मुलांच्या क्रिकेटला दिलेल्या मुभेचे तास, गांवाला जाणाऱ्यांनीं नळ नीट बंद करून जाण्याविषयींची विनंति, असा उन्हाळ्याचा सगळा कारभार त्या दोन हात लांबीच्या फळ्यावर मावतो.

गेलीं तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविणें हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळें कोठलेंहि लिखाण दिसलें, कीं त्यांतल्या चुका आधीं दिसाव्यात आणि मजकूर मागाहून, ही खोड मला जडली आहे. या फलकाकडेहि मी पुष्कळ वर्षें याच नजरेनें पाहात आलों. ‘सूचना’ हा शब्द ऱ्हस्व उकारानें लिहिलेला दिसला, कीं मी हळूच खिशांतला खडू काढून तो दीर्घ करीत असें, आणि पुढचें कांहींहि न वाचतां जिना चढत असें. पाणी बंद राहणार असल्याची सूचना अशा रीतीनें शुद्ध करून, दुसऱ्या दिवशीं तोंडाला साबण लावलेल्या स्थितींत कोरड्या नळापुढें उभें राहण्याचा प्रसंग माझ्यावर दोनदां आला आहे. पुढें तीन वर्षांपूर्वीं वार्षिक सभेला मी गैरहजर राहिलों. आणि गैरहजर सभासदास जी शिक्षा देण्याचा सहकारी गृहसंस्थांत प्रघात आहे, ती मला झाली. मला एकमतानें चिटणीस निवडण्यांत आलें! तेव्हांपासून फलकावर लिहिणारा मी, आणि चुका काढणारीं इतर पंधरा बिऱ्हाडें, असा न्याय झाला आहे.

आमचें हें आवार विलेपार्ल्याच्या पूर्वेस आहे. पार्ल्याला मुंबईचें उपनगर म्हणतात खरें. पण पार्लेकर मनांतून मुंबईलाच पार्ल्याचें उपनगर समजत असावेत. लोकमान्य टिळक १९२० सालीं निवर्तले. १९२१ त येथें त्यांच्या नांवाची शाळा निघाली आणि १९२३ त लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. तेव्हांपासून व्याख्यान ऐकणें आणि व्याख्यात्याहून आपल्याला अधिक कळतें असें घरीं येऊन सांगणें, हा येथल्या माणसांचा आवडता व्यायाम होऊन बसला आहे. १९२९ सालीं सुरू झालेला बिस्किटांचा कारखाना स्टेशनाजवळच होता. मी पार्ल्यांत रहायला आलों तेव्हां गाडींतून उतरणाऱ्यास डोळे मिटूनहि आपण कोठें आलों हें कळत असे. २०१६ त तो कारखाना बंद झाला, आणि पार्ल्याचा वास गेला. विमानतळ मात्र जागच्या जागीं आहे. दर थोड्या मिनिटांनीं डोक्यावरून विमान जातें, तेवढ्यापुरतें आम्ही बोलणें थांबवितों, आणि तें गेलें कीं अर्धें राहिलेलें वाक्य त्याच क्रियापदापासून पुढें चालू करतों. या विमानांच्याच भयानें येथल्या इमारतींना फार उंच होतां येत नाहीं. आणि म्हणूनच कीं काय, आमच्या तीनमजली इमारतीच्या आवारांतला आंबा अजूनहि इमारतीच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे.

उन्हाळ्याच्या बातम्या म्हणजे काय, हें मला चिटणीस झाल्यावर कळलें. पूर्वीं मला वाटे, बातमी म्हणजे वर्तमानपत्रांत छापून येते ती. आतां गच्चीचें वेळापत्रक लावतांना माझ्या ध्यानांत येतें, कीं सोळा बिऱ्हाडांपैकीं पापड-कुरडया घरीं करणारीं बिऱ्हाडें चारच उरलीं आहेत, आणि तरीहि रविवारच्या उन्हासाठीं त्यांच्यांत जी चुरस चालते ती राज्यें वांटून घेणाऱ्या मुत्सद्द्यांना शोभेल अशी असते. कोणाची मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं आली, कोणाचा नातू अमेरिकेहून येऊन उकाड्यानें बेजार झाला, कोणाच्या पेटींत तीन आंबे डागी निघाले, हें सारें फलकावर लिहितां येत नाहीं. पण फलकावर लिहावयास उभें राहिलें, कीं जिना उतरणारें प्रत्येक माणूस तें आपण होऊन सांगतें. मुलांचे क्रिकेटचे तास मात्र मी आतां नुसते रीत म्हणून लिहितों. मुलें सकाळीं पोहण्याच्या शिबिराला, दुपारीं चित्रकलेच्या आणि संध्याकाळीं गणिताच्या वर्गाला जातात. खेळण्याची मुभा आहे, खेळणारे सांपडत नाहींत.

या बातम्यांचें मुख्य ठाणें मात्र फलकापाशीं नाहीं. तें तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकींत आहे. काकू ऐंशी वर्षांच्या. गुडघ्यांनीं दगा दिल्यामुळें २०२४ च्या दिवाळीनंतर त्या जिना उतरूं शकल्या नाहींत, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाहीं. त्यांची खिडकी आणि आंब्याचा शेंडा समोरासमोर येतात. तेथें बसून त्या आवाराची टेहळणी करतात, आणि कोणा मुलाच्या हातीं चिठोरीं देऊन मजकडे मजकूर धाडतात. एका एप्रिलांत त्यांची चिठ्ठी आली: “कावळ्यानें पूर्वेच्या फांदीवर घरटें केलें आहे. त्या बाजूनें जाणाऱ्यांनीं टोपी घालावी.” मला हंसूं आलें, आणि मीं ती सूचना लिहिली नाहीं. दुसऱ्या दिवशीं कॉलेजला निघालेल्या माझ्याच डोक्यावर चोंच बसली. तेव्हांपासून काकूंचा मजकूर मी अक्षरशः उतरून काढतों.

आतां, ज्या गोष्टीसाठीं हें लिहावयास बसलों, तिच्याकडे वळतों. आमची इमारत १९६८ सालची. खांबांतलें लोखंड गंजून फुगलें आहे, त्यानें गिलावा सुटतो, आणि पावसाळ्यांत छतांतून पाणी झिरपतें. तिचा पुनर्विकास करावा असें ठरलें, आणि संमतिपत्रावर पहिली सही काकूंनींच केली. नव्या इमारतीला लिफ्ट असणार होती. पुढें २०२५ च्या एप्रिल महिन्यांत एका संध्याकाळीं विकासकाच्या कचेरींतून एक तरतरीत तरुण कागदांचें बाड घेऊन माझ्याकडे आला. माझ्या कोपरापाशीं उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे होते. दाखवील त्या जागीं मी सह्या करीत गेलों. त्यांत आवारांतील झाडांची एक यादी होती. आंबा, जांभूळ, कडुनिंब, दोन नारळ. पुढें बुंध्याचा घेर, उंची आणि वय. आंब्याच्या वयाच्या रकान्यांत ‘अंदाजे ४० वर्षें’ असें त्यानें आधींच लिहून आणलें होतें. मी १९९६ त येथें आलों तेव्हां आंबा मोठाच होता. चाळीस काय नि पन्नास काय, असा विचारहि मनांत न येतां मीं सही केली, आणि पुन्हां उत्तरपत्रिका हातीं घेतली. न वाचलेल्या पुस्तकावर चार पानें लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याला मीं त्यानंतर दहाच मिनिटांनीं नापास केलें, हें मला पक्कें आठवतें.

मेच्या मध्यास आमच्या अक्षांशावर असा एक दिवस येतो, कीं दुपारीं साडेबारानंतर कांहीं मिनिटांनीं सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सांवली नाहींशी होते. शून्य सांवलीचा हा दिवस जुलैच्या अखेरीस पुन्हां येतो, पण तेव्हां ढगांमुळें तो बहुधा दिसत नाहीं. त्या वर्षीं मुलांनीं हट्ट धरला, कीं हा प्रयोग गच्चीवर करावयाचा, आणि काकूंनाहि वर न्यायचें. जिना उतरणें त्यांना शक्य नव्हतें. पण वरच्या चौदा पायऱ्या चार जणांनीं त्यांची खुर्ची उचलून नेली. ढगांची ये-जा चालू होती. मुलांनीं एक नळकांडें उभें केलें, आणि क्षणभर ऊन पडतांच त्याची सांवली त्याच्या पोटांत शिरली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. काकू मात्र कठड्यावरून खालीं पाहात होत्या. “त्या आंब्याकडे पाहा,” त्या म्हणाल्या, “सगळ्यांच्या सांवल्या गेल्या, त्याची आहे तेथेंच आहे.” खरोखरच, सांवली फक्त बुंध्याभोवतीं गोळा झाली होती, आणि वॉचमन तिच्यांत निजला होता.

दोन दिवसांनीं, १८ मे रोजीं रविवारीं, इमारत रिकामी करण्याच्या तयारीसाठीं म्हणून मीं संस्थेचें कपाट उघडलें. तळाशीं जुन्या सूचनांची एक जाडजूड फाइल निघाली. पूर्वींचे चिटणीस फलकावर लिहिण्याआधीं प्रत्येक सूचना कागदावर लिहीत आणि तो कागद जपून ठेवीत. मीं जमिनीवर बैठक मारली आणि वाचूं लागलों. चुका शोधण्यासाठीं नव्हे, एवढें या वेळीं खरें. मुंबईचें दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें. त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यांत, चित्रपट पाहावयास शेजाऱ्यांकडे जाणाऱ्यांनीं चपला जिन्यांत ओळीनें ठेवाव्यात, अशी सूचना होती. त्याच उन्हाळ्यांत, महाराष्ट्र दुष्काळानें होरपळत असतां, शिळें पाणी ओतून देऊं नये अशीहि सूचना होती. तपें उलटलीं, पाण्याची सूचना मात्र बदलली नाहीं. २०२४ च्या मेअखेरीस महापालिकेनें प्रथम पांच आणि मग दहा टक्के पाणीकपात केली, तेव्हां मीं लिहिलेली सूचना त्या कागदाची नक्कलच वाटावी अशी होती. २०२० च्या उन्हाळ्यांतला कागद एकाच ओळीचा: “फलकापाशीं गर्दी करूं नये.” तो वाचून क्षणभर हंसूं आलें, आणि मग त्या उन्हाळ्यांत फलकापाशीं येणें ज्यांचें कायमचें थांबलें तीं दोन माणसें डोळ्यांपुढें उभीं राहिलीं.

मग फाइलीच्या अगदीं आरंभींचा, कडा तपकिरी पडलेला एक कागद हातीं लागला. तारीख होती १५ जून १९६९. आवारांत दक्षिणेच्या कुंपणाशीं आंब्याचें रोप लावलें आहे; मुलांनीं त्यास सायकली टेकूं नयेत, आणि मोठ्यांनीं त्यावर ओले कपडे पिळूं नयेत, असा मजकूर होता. अक्षर वळणदार, आणि एकहि चूक नाहीं.

मीं बोटांवर हिशेब केला. छप्पन्न वर्षें. मी स्वतः त्याच वर्षीं जन्मलों. सही करतांना माझ्याच वयाच्या एका जीवाचीं सोळा वर्षें मीं बिनदिक्कत पुसून टाकलीं होतीं! दुसऱ्या दिवशीं एका वकील मित्रास विचारलें तेव्हां त्या चाळीसाच्या आंकड्याचा अर्थ उलगडला. शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा. त्यांत २०२१ त दुरुस्ती झाली, आणि पन्नास वा त्याहून अधिक वर्षांच्या झाडास वारसावृक्षाची प्रतिष्ठा मिळाली. असें झाड तोडणें शक्य तों टाळावें, आणि तोडलेंच तर त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावावींत, असा त्याचा रोख. चाळीस वर्षांचा आंबा गुपचूप जाऊं शकत होता. छप्पन्न वर्षांचा नव्हे. तरुणानें अज्ञानानें लिहिलें कीं समजून, हें मला सांगतां येणार नाहीं. मीं न वाचतां सही केली, एवढेंच मी खात्रीनें सांगूं शकतों.

खरें बोलावें हें मुलांना शिकविणें फार सोपें आहे. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. वय दुरुस्त करावें तर परवानगी लांबणार, कदाचित् आराखडा बदलावा लागणार. पंधरा बिऱ्हाडें मला दोष देतील, याचें मला तितकेंसें कांहीं वाटलें नाहीं. प्राध्यापकास दोषाची संवय असते. पण तिसऱ्या मजल्यावर एक बाई लिफ्टची वाट पाहात बसली होती. ऐंशीव्या वर्षीं एक वर्षाचा उशीर म्हणजे किती उशीर, याचा हिशेब बोटांवर करण्याचें मला धैर्य होईना. कागद फाइलींत परत ठेवून कपाट बंद करावें, असेंहि एकदां मनांत आलें. तें आलें होतें, हें येथें लिहून ठेवतों.

शेवटीं संध्याकाळीं तो कागद घेऊन मी काकूंकडे गेलों. त्यांनीं चष्मा लावला. मला वाटलें, त्या मजकूर वाचीत आहेत. पण बराच वेळ गेला तरी त्यांची दृष्टि पहिल्या ओळीवरून हलेना.

“यांचें अक्षर आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान या संस्थेचे पहिले चिटणीस होते, हें मला ठाऊक नव्हतें. त्यांना जाऊनहि आतां वीस वर्षें होऊन गेलीं. रत्नागिरीहून मामेसासऱ्यांनीं पाठविलेल्या रायवळ आंब्यांपैकीं एकाची कोय काकूंनीं गॅलरींत डालड्याच्या डब्यांत रुजत घातली होती. रोप हातभर झालें तेव्हां यजमानांनीं तें खालीं नेऊन लावलें. इतक्या वर्षांत काकू हें कोणाला बोलल्या नव्हत्या. “सांगायचें काय त्यांत? झाड सगळ्यांचें.”

मीं माझी सही, चाळीसाचा आंकडा आणि लिफ्ट, सारें त्यांना सांगितलें. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर पाहात राहिल्या. मधेंच विमान गेलें; तें जाईपर्यंत आम्ही दोघेंहि गप्प होतों.

“लिफ्ट मला हवी आहे हो, प्रोफेसर,” त्या म्हणाल्या. “जमिनीला पाय लागून सात महिने झाले. त्या झाडाच्या बुंध्याला हात लावावा असें रोज वाटतें. पण म्हणून त्याचें वय चोरायचें? बाईनें वय चोरलें तर लोक हंसतात. सोसायटीनें चोरलें तर काय करतील?”

२५ मे रोजीं सभा बोलाविली. मी गैरहजर राहिलों असतों तर बरें झालें असतें, असें सभा सुरू होऊन पांच मिनिटें होतांच वाटूं लागलें. एका सभासदानें, प्राध्यापकांना उन्हाळ्याची सुट्टी असते म्हणून त्यांना कपाटें उघडण्यास वेळ मिळतो, असा टोला दिला. दुसऱ्यानें एका झाडासाठीं सोळा घरें अडविणार काय, असें विचारलें. आणि हा प्रश्न कांहीं खोटा नव्हता. त्याच्या घरांतलें छत जानेवारींत जेवणाच्या टेबलावर पडलें होतें. मीं कागद वाचून दाखविला, माझी चूक कबूल केली, आणि काकूंचें वाक्य जसेंच्या तसें सांगितलें. सभा एकदम हंसली, आणि हंसतां हंसतां मऊ झाली. वय दुरुस्त करून पत्र द्यावें, आणि वाहनतळाचा उतार दुसऱ्या बाजूनें घेतां येईल काय हें वास्तुविशारदास विचारावें, असें ठरलें. तिघांनीं विरोध नोंदविला. तोहि मीं शुद्ध मराठींत इतिवृत्तांत लिहून घेतला.

दुसऱ्याच दिवशीं पाऊस आला. मुंबईंत मोसमी पाऊस पोंचण्याची रूढ तारीख ११ जून. २०२५ त तो २६ मे रोजींच पोंचला, आणि इतका लवकर तो आल्याची नोंद नव्हती. कुलाब्याला तर मे महिन्यांतल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. आमच्याकडे त्याहून मोठें नुकसान झालें: पहिल्या मजल्यावरच्या साबुदाण्याच्या पापड्या गच्चीवर भिजून खळ झाल्या. झाडावर उरलेल्या कैऱ्या वाऱ्यानें आवारभर सांडल्या, आणि ज्या मुलांना क्रिकेटला वेळ नव्हता तीं मुलें शिबिरें सोडून त्या वेंचीत भिजलीं. काकू खिडकींतून कोणती कैरी कोठें पडली तें ओरडून सांगत होत्या. त्यांच्या वांट्याच्या पांच कैऱ्या एका मुलीनें धांवत वर नेऊन दिल्या.

आराखड्याचा निर्णय हें लिहीपर्यंत झालेला नाहीं. आंबा राहील कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. लिफ्ट केव्हां होईल, हेंहि ठाऊक नाहीं. दोन्ही व्हावें असें वाटतें, आणि दोन्ही नेहमींच होतें असें नाहीं, हें कळण्याइतकें माझें आणि त्या झाडाचें वय झालें आहे. तोंवर रविवारीं सकाळीं चार जणांनीं खुर्ची उचलून काकूंना खालीं आणावें, असें मुलांनींच ठरविलें आहे. गच्चीच्या चौदा पायऱ्या जमल्या, मग खालच्याहि जमतील, असा त्यांचा हिशेब. पहिल्या रविवारीं खुर्ची बुंध्यापाशीं ठेवली तेव्हां काकू कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं सालीवर हात ठेवला आणि मग मुलांना, कोणी त्याला सायकल टेकूं नका, एवढेंच सांगितलें.

पाऊस आला त्या संध्याकाळीं मीं फलक पुसून त्या उन्हाळ्याची शेवटची सूचना लिहिली होती: पाऊस सुरू झाला आहे, गच्चीवरील वाळवण काढून न्यावें, आवारांतील आंब्याचें वय छप्पन्न वर्षें असून तशी दुरुस्ती करण्यांत आली आहे. सकाळीं खालीं उतरलों तों कोणीतरी माझ्या ‘दुरुस्ती’ तला पहिला उकार खडूनें दीर्घ करून ठेवला होता. तो ऱ्हस्वच बरोबर होता. पण मीं तो तसाच राहूं दिला, आणि प्रथमच सबंध सूचना शेवटपर्यंत वाचून मग बाहेर पडलों.